'वेगळी लाईन' आणि स्वतंत्र परिपथ : जुन्नर-आंबेगावातील वर्कशॉपांची वीजपरिभाषा

१. विषयप्रवेश

जुन्नर परिसरातील लेण्यांच्या ब्राह्मी लेखांत धंद्यांची नावे आढळतात. एका लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. त्या लेखातील 'कासाकार' आणि आजचा मराठी 'कासार' यांचे नाते उघड आहे. धंदा टिकला तर त्याचा शब्दही टिकतो; झिजतो, परंतु ओळखू येतो.

त्याच जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आज नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांच्या रस्त्यांलगत लोखंडकामाची लहान वर्कशॉपे दिसतात. नांगर, ट्रॉली, द्राक्षमांडवाचे अँगल, कांदाचाळीचे सांगाडे यांची कामे तेथे होतात. लोहाराच्या भात्याची जागा ब्लोअरने घेतली आहे. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, पॉवर हॅमर व वेल्डिंग संच ही तेथील अवजारे होत. त्यांच्याबरोबर आलेली शब्दसंपत्ती बहुतांशी इंग्रजी आहे. ती आज मराठीच्या उच्चारात, लिंगव्यवस्थेत आणि क्रियापदांत पुरती सामावलेली आहे.

प्रस्तुत लेखात या शब्दसंपत्तीचा एक मर्यादित भाग विचारात घेतला आहे. जड यंत्रासाठी वीजजोडणीत स्वतंत्र परिपथ काढताना कोणते भेद ध्यानी घ्यावे लागतात, आणि वर्कशॉपातील बोली ते भेद राखते की पुसून टाकते, एवढाच येथे प्रश्न आहे. ही केवळ कोशकाराची जिज्ञासा नव्हे. येथे एका शब्दात दोन वस्तू मिसळल्या तर मोटर जळते, वायरीचे आवरण पेटते, प्रसंगी मनुष्य दगावतो.

२. 'लाईन' आणि 'डायरेक्ट'

वर्कशॉपाच्या बोलीत स्वतंत्र परिपथाला 'वेगळी लाईन' म्हणतात. परंतु 'लाईन' हा शब्द अनेकार्थी आहे. खांबावरून जाणारी अकरा हजार व्होल्टची वाहिनी ही लाईन. घरात किंवा दुकानात एका फ्यूजपासून निघणारी वायरींची जोडी ही लाईन. आणि त्या जोडीतील न्यूट्रलहून भिन्न अशी जिवंत तार हीही लाईनच. संदर्भाने अर्थ निश्चित होतो, हे खरे. तथापि शिकाऊ मुलाला संदर्भ ठाऊक नसतो.

स्वतंत्र परिपथ म्हणजे काय हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मीटरनंतरच्या वितरण फलकावरून निघणारी, एकाच यंत्राकडे जाणारी, वाटेत दिवा, पंखा किंवा प्लग यांना फाटा न देणारी आणि स्वतःचे वेगळे संरक्षक साधन असणारी जोडणी म्हणजे स्वतंत्र परिपथ. या व्याख्येतील शेवटचा घटक सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि 'वेगळी लाईन' या शब्दप्रयोगातून नेमका तोच सूचित होत नाही. वायर वेगळी नेली परंतु ती दिव्यांच्याच फ्यूजला जोडली, तर लाईन वेगळी झाली, परिपथ झाला नाही.

वेगळेपणाची आवश्यकता एका उदाहरणाने पटेल. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालू स्थितीत सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेते. दिव्यांसाठी टाकलेल्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवर ती ३० मीटर अंतरावर जोडली, तर जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध सुमारे ०.७ ओहम होतो. चालू स्थितीत त्यात ७ ते ८ व्होल्टचा दाब खर्ची पडतो. परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटर चालू प्रवाहाच्या सुमारे पाचपट प्रवाह ओढते. तेव्हा २३० व्होल्टपैकी तीसहून अधिक व्होल्ट वाटेतच संपतात. दिवे मंदावतात, मोटर नुसतीच घरघरते आणि तार तापते. यावर 'होल्टेज कमी आहे' असा निष्कर्ष निघतो व दोष खांबावरील पुरवठ्यावर जातो. पुष्कळदा तो दोष दुकानातील तारेचा असतो.

याच संदर्भात 'डायरेक्ट' हा शब्द विशेष सावधगिरीने पाहावा लागतो. 'मशीनला डायरेक्ट लाईन द्या' या वाक्यात त्याचा अर्थ 'मधे फाटा न देता' असा असून तो निर्दोष आहे. परंतु 'स्टार्टर बिघडला म्हणून डायरेक्ट केली' या वाक्यात त्याच शब्दाचा अर्थ 'संरक्षक साधन वगळून' असा होतो. पहिला अर्थ शहाणपणाचा, दुसरा घातक. आणि दोहोंना एकच ध्वनिरूप लाभले आहे. सूचना देणारा पहिल्या अर्थाने बोलला आणि ऐकणाऱ्याने दुसरा घेतला, असा घोटाळा येथे सहज संभवतो.

३. 'साडेसातची मोटर'

या भागात मोटरीची ओळख आकड्याने होते : 'तीनची', 'पाचची', 'साडेसातची', 'दहाची'. एककाचा उच्चार न करता संख्येला षष्ठीचा प्रत्यय लावून वस्तूचे नाव सिद्ध करण्याची ही रीत मराठीच्या स्वभावाला धरून आहे. विहिरीवरची मोट गेली आणि मोटर आली. ध्वनिसाम्य योगायोगाचे असले तरी शेतकऱ्याच्या तोंडी दुसरा शब्द पहिल्याच्या जागी सहज बसला. शेतीपंपावरून हीच रीत वर्कशॉपात आली आहे.

परंतु हा आकडा अश्वशक्तीचा, म्हणजे मोटरीच्या दांड्यावर मिळणाऱ्या यांत्रिक शक्तीचा आहे. वायरीची जाडी त्यावरून थेट ठरत नाही. ती प्रवाहावरून ठरते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दहा अश्वशक्तीची मोटर ७,४६० वॅट देते. तिची कार्यक्षमता ०.८७ व शक्तिगुणक ०.८५ धरला, तर ४१५ व्होल्टच्या तीन फेजी पुरवठ्यावर तिला प्रत्येक फेजमध्ये सुमारे १४ अँपिअर लागतात. यावरूनच अश्वशक्तीमागे जवळपास दीड अँपिअर हा कारागिरांचा ठोकताळा बनला आहे आणि तीन फेजी मोटरीपुरता तो उपयोगी आहे. सिंगल फेजला मात्र तो लावता येत नाही. वर पाहिलेली दोन अश्वशक्तीची मोटर ठोकताळ्याने तीन अँपिअर घ्यावयास हवी होती, ती अकरा घेते.

'प्रवाह' या कल्पनेला वर्कशॉपात सहजशब्द का नाही, हाही प्रश्न विचारणीय आहे. 'करंट' हा शब्द उपलब्ध होता, परंतु बोलीत त्याचा अर्थसंकोच झाला. 'वायरीत करंट आहे का?', 'करंट बसला', 'करंट लागला' या प्रयोगांत तो जिवंतपणा किंवा धक्का दर्शवितो. किती, हे दर्शवीत नाही. मोजमापाचे काम मग एककाच्या नावाने केले जाते : 'ही मोटर जास्त अँपिअर घेते.' ही सोय बोलीने आपली आपण करून घेतली असून ती अचूक आहे. 'लोड' हा दुसरा शब्द मात्र संदिग्ध राहिला. यंत्रावरील यांत्रिक भार, परिपथावरील प्रवाह आणि वीजकंपनीने मंजूर केलेला भार या तिन्ही गोष्टींना 'लोड' म्हणतात. लेथवर खोल काप घेतला म्हणजे पहिला लोड वाढतो, त्यामुळे दुसरा वाढतो; तिसरा मात्र अर्ज केल्यावाचून वाढत नाही. परिपथाचा आराखडा करताना हे तिन्ही वेगवेगळे लिहून काढणे हीच पहिली पायरी होय.

सुरुवातीच्या प्रवाहाचा विचार येथेही आहेच. दहाची मोटर सरळ पुरवठ्यावर सुरू केली तर क्षणभर चालू प्रवाहाच्या सहापट, म्हणजे ८० अँपिअरच्या वर प्रवाह जातो. म्हणून मोठ्या मोटरींना स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. त्यात मोटरीची वेटोळी प्रथम स्टार पद्धतीने जोडली जातात व पुरवठ्यातून येणारा प्रवाह एक तृतीयांश होतो. वेग आल्यावर जोडणी डेल्टा होते. मात्र सुरुवातीचा पीळही एक तृतीयांशच मिळतो, म्हणून यंत्र मोकळे असतानाच ते सुरू करावयाचे असते. शिवाय स्टार्टरपासून मोटरीपर्यंत तीनऐवजी सहा तारा न्याव्या लागतात. नळी बसवून झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तर सगळे काम उकलावे लागते.

४. 'फ्यूज बांधणे'

संरक्षक साधनांच्या बाबतीत बोली आणि परिभाषा यांची तुलना फार बोधक ठरते. पाठ्यपुस्तकांतील 'वितळतार' हा शब्द सार्थ आहे : जी तार वितळावी म्हणून ठेवली आहे ती. तिचे कार्य तिच्या नावातच आहे. बोलीतील 'फ्यूज' हा शब्द मराठी भाषकाला अपारदर्शक असल्याने त्याचा अर्थ हळूहळू चिनी मातीच्या त्या तुकड्याला चिकटला आणि आतल्या तारेपासून सुटला. त्यातच क्रियापद आले 'बांधणे'. 'फ्यूज उडाला, बांधून टाक.' मराठीत जे बांधावयाचे ते पक्के बांधावयाचे असते; म्हणून वारंवार तुटणारी बारीक तार काढून जाड तांब्याची तार घालणे हे कारागिराला दुरुस्तीचेच काम वाटते. वस्तुतः तेथे दुबळेपणा हाच गुण आहे. जाड तार घातल्यावर परिपथातील सर्वांत दुबळी जागा फलकावर न राहता भिंतीतील नळीत जाते, आणि आग तेथे लागते.

आता फ्यूजची जागा बहुधा एमसीबीने घेतली आहे आणि 'बांधणे' जाऊन 'ट्रिप होणे' आले आहे. तरी एक भेद अद्याप पुसटच आहे. एमसीबी किंवा फ्यूज हे तारेचे रक्षण करतात, मोटरीचे नव्हे. मोटरीचे रक्षण स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले करतो. यंत्राचा प्रवाह, एमसीबीचा आकडा आणि तारेची क्षमता हे चढत्या क्रमाने असले पाहिजेत, हा येथील मूलभूत नियम होय. वरील दहाच्या मोटरीसाठी १४ अँपिअरचा प्रवाह, २० अँपिअरचा, सुरुवातीचा झटका सोसणाऱ्या प्रकारचा एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार हे प्रमाण साधारणपणे बसते. नळीत किती तारा एकत्र आहेत, पत्र्याखाली उष्णता किती आहे आणि अंतर किती आहे यांवरून तार अधिक जाड घ्यावी लागेल. एमसीबी वारंवार ट्रिप होतो म्हणून तार तीच ठेवून मोठा एमसीबी बसविणे, हे जुन्या 'फ्यूज बांधण्या'चेच नवे रूप आहे.

ग्रामीण पुरवठ्यात 'एक फेज गेली' हा नित्याचा अनुभव. चालू असलेली तीन फेजी मोटर अशा वेळी थांबत नाही. उरलेल्या तारांतून वाढीव प्रवाह ओढत ती चालू राहते आणि वेटोळी जळतात. हा वाढीव प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने पुष्कळदा पुरेसा मोठा नसतो. म्हणून योग्य आकड्यावर बसविलेला रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर ही साधने स्वतंत्र परिपथाचाच भाग मानली पाहिजेत. स्टार्टर 'डायरेक्ट' केला म्हणजे नेमकी हीच साधने वगळली जातात.

५. 'न्यूट्रल' आणि 'अर्थ'

सर्वांत घातक संमिश्रण या जोडीचे आहे. टेस्टर न्यूट्रलवर लागत नाही, अर्थच्या तारेवरही लागत नाही. यावरून दोन्ही एकच, अशी समजूत रूढ होते. न्यूट्रल तुटला असता परतीची तार जमिनीत रोवलेल्या सळईला जोडून काम भागविण्याचा प्रकार, किंवा यंत्राची बॉडी न्यूट्रललाच जोडण्याचा प्रकार, या समजुतीतून उद्भवतो.

वास्तविक दोहोंचे कार्य परस्परविरुद्ध आहे. न्यूट्रल ही प्रवाहाची परतीची नित्याची वाट. अर्थची तार ही नित्य रिकामी राहणारी, केवळ दोषाच्या वेळी उपयोगी पडणारी वाट. बॉडी न्यूट्रलला जोडली आणि मागे कोठे न्यूट्रल तुटला, तर यंत्रात दोष नसतानाही त्याच्या लोखंडी अंगावर २३० व्होल्टचा दाब येऊ शकतो आणि कारागिराचा हात तेथेच असतो.

जमिनीत सळई रोवली की अर्थिंग झाले, हीही अर्धवट समजूत आहे. समजा, त्या सळईचा जमिनीशी रोध २० ओहम आहे. फेजची तार बॉडीला टेकली, तर सळईतून २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. २० अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही. यंत्र चालू राहील आणि बॉडी जिवंत राहील. जुन्नर-आंबेगावच्या भूमीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. लेणी ज्यात कोरली तोच काळा बेसाल्ट खडक येथे थोड्याच खोलीवर लागतो. नदीकाठच्या काळ्या भुईत ओल असेतो रोध कमी राहतो. मुरूम किंवा खडक लागला, अथवा वैशाखात ओल आटली, की तो पुष्कळ वाढतो. खड्ड्यात कोळसा व मीठ भरणे, त्यात पाणी घालत राहणे, एकाऐवजी अधिक खड्डे घेऊन ते जोडणे आणि रोध उपकरणाने मोजून पाहणे, हे सर्व त्यामुळेच आवश्यक ठरते. शिवाय गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे साधन हवेच. मनुष्याच्या संरक्षणासाठीचे हे साधन ०.०३ अँपिअर एवढ्या अल्प गळतीवर तुटते. स्थिर मोटरीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र तारांनी अर्थ द्यावा, अशी तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत होती. २०१० च्या व २०२३ च्या केंद्रीय विनियमांतही ते तत्त्व चालू राहिले. असे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावे, हाही नियम जुना आहे.

६. 'स्पार्किंग'

बोलीत 'ठिणगी' आणि 'स्पार्किंग' असे दोन शब्द आहेत आणि येथे बोलीने एक उपयुक्त भेद निर्माण केला आहे. ग्राइंडरवर उडते ती ठिणगी, कामाची. सैल जोडात होते ते स्पार्किंग, बिघाडाचे. स्वतंत्र परिपथात जोड कमी असतात, हा त्याचा एक मोठा लाभ होय. जो जोड असेल तो पिळलेल्या तारेचा नसावा. तो लग दाबून व स्क्रू आवळून केलेला असावा.

या दोन तालुक्यांत स्पार्किंगला आणखी एक संदर्भ आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटर विस्तारात पसरलेल्या आहेत. मानवनिर्मित रेडिओ कोलाहल कमी असणे, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. वीजवाहिन्यांवरील व सैल जोडांतील स्पार्किंगमधून विस्तृत पट्ट्यातील रेडिओ तरंग बाहेर पडतात आणि दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या अत्यंत क्षीण संकेतांत ते मिसळतात. नीट आवळलेला एक स्क्रू वर्कशॉपाच्या सुरक्षिततेला जसा हातभार लावतो, तसाच तो येथे खगोलशास्त्रालाही लावतो.

७. परिभाषेची कसोटी

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषानिर्मितीचे काम शासकीय पातळीवर चालत आले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व्यवसायांना वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता, कातारी ही मराठी नावे मिळाली. त्यांपैकी 'कातारी' हा लाकूड कातणाऱ्या कारागिराचा जुना शब्द लेथवर काम करणाऱ्याला लावण्यात औचित्य आहे. परंतु गावात 'तारतंत्री' कोणी म्हणत नाही. 'वायरमन' म्हणतात आणि त्यात खांबावर चढणारा वीजकंपनीचा कर्मचारी व दुकानात जोडणी करणारा कारागीर या दोघांचाही समावेश होतो.

'सर्किट' या शब्दाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. विश्वकोशीय लेखनात त्यासाठी 'मंडल' योजले गेले. परंतु १९६० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २००५ मध्ये विभाजित होईपर्यंत 'विद्युत मंडळ' म्हणजे वीज देणारी संस्था असाच अर्थ लोकांच्या मनात रुजला. शिवाय वीजकंपनीच्या प्रशासनात 'मंडल' हा कार्यक्षेत्राचा एक विभाग आहे. केवळ ल आणि ळ यांच्या भेदावर तीन अर्थ तोलून धरणे व्यवहारात शक्य नाही. पाठ्यपुस्तकांतील 'परिपथ' या दृष्टीने सरस ठरतो. त्यात वाट फिरून मूळ स्थानी येण्याची कल्पना असून ती 'लाईन' या शब्दात मुळीच नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. शब्द देशी की परका, हा परिभाषेचा पहिला निकष नव्हे. तो शब्द आवश्यक भेद राखतो की नाही, हा पहिला निकष होय. 'अँपिअर घेणे' व 'स्पार्किंग' हे प्रयोग भेद राखतात, म्हणून ते परके असूनही ठेवावेत. 'फ्यूज'पेक्षा 'वितळतार' अधिक शिकविते, म्हणून शिकाऊ मुलाला निदान एकदा तरी त्या शब्दाची ओळख करून द्यावी. 'भूसंपर्कन' उच्चारास जड आहे, तेव्हा 'अर्थिंग' राहीलच. परंतु न्यूट्रल ही परतीची वाट आणि अर्थ ही रिकामी वाट, असे स्पष्टीकरण त्यास जोडले पाहिजे. 'डायरेक्ट' हा शब्द मात्र वीजकामाच्या सूचनांतून वगळावा आणि त्याऐवजी 'मधे फाटा न देता' असे पूर्ण वाक्यच वापरावे.

अशी परिभाषा कार्यालयात बसून पुरती घडणार नाही. त्यासाठी मंचर-नारायणगावच्या वर्कशॉपांत कोणता शब्द कोणत्या अर्थाने कानी पडतो, त्याबरोबर कोणते क्रियापद येते, आणि ऐकणारा त्यावरून प्रत्यक्षात काय करतो, याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. बोलींच्या सर्वेक्षणांत शेती, नाती व घरगुती वस्तू यांच्या शब्दांना स्थान मिळत आले आहे. वीजजोडणीच्या शब्दांनाही आता ते मिळावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी हा विषय घेता येईल, आणि त्याचा उपयोग भाषाशास्त्राइतकाच यंत्रावर हात ठेवून काम करणाऱ्यांनाही होईल.